बागेसाठी कर्जरोखे: हत्ती घेणं आणि हत्ती पोसणं

१३ फेब्रुवारी १९६८. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातली किंग काउंटी, म्हणजे सिअ‍ॅटल शहर ज्या जिल्ह्यात येतं तो जिल्हा. त्या दिवशी तिथल्या मतदारांपुढे प्रश्नांची एक यादी होती आणि प्रत्येक प्रश्नाचा साचा एकच होता: अमुक कामासाठी इतकं कर्ज काढायचं का? या सगळ्या योजनेचं नाव होतं 'फॉरवर्ड थ्रस्ट'. बागा, मैदानं, पोहण्याचे तलाव यांसाठी ११ कोटी ८० लाख डॉलर? लोक हो म्हणाले. मोठ्या स्टेडियमसाठी ४ कोटी? हो. शहरी रेल्वेसाठी ३८ कोटी ५० लाख? इथेही निम्म्याहून थोडे जास्त लोक हो म्हणाले, पण तिथल्या कायद्याप्रमाणे ६० टक्के लागत होते. रेल्वे बारगळली, बागा झाल्या.

सार्वजनिक कर्ज काढून बागा कशा उभ्या राहतात आणि पुढे त्यांचं काय होतं, हे समजून घ्यायला या एका मतदानाइतका चांगला धडा मला दुसरा माहीत नाही. म्हणून या लेखात आपण फिरून फिरून तिथेच येणार आहोत. आधी थोडा हिशेब.

नगरपालिकेकडे दोन प्रकारचे खर्च असतात. एक रोजचा: माळ्यांचे पगार, पाणी, वीज, गवत कापणं, तुटलेला झोपाळा दुरुस्त करणं. याला महसुली खर्च म्हणतात. दुसरा एकदाच होणारा आणि मोठा: जमीन विकत घेणं, तलाव खोदणं, क्रीडासंकुल बांधणं. हा भांडवली खर्च. रोजचा खर्च त्या त्या वर्षीच्या करातून भागतो, भागायला हवा. मोठा खर्च मात्र एका वर्षाच्या करात मावत नाही. मग दोनच वाटा उरतात. दरवर्षी थोडे पैसे बाजूला टाकायचे आणि पंधरा वर्षांनी बाग करायची, नाहीतर आज कर्ज काढून बाग करायची आणि पुढची वीस वर्षं फेडत राहायचं.

'ऋण काढून सण करू नये' असं आपण ऐकत आलोय. ते खरंच आहे, पण सणाबद्दल. सण संध्याकाळी संपतो आणि कर्ज मागे राहतं. बागेची जमीन संपत नाही. कर्ज वीस वर्षांत फिटलं तरी जमीन शंभर वर्षं वापरात राहते. शिवाय आज पाळण्यात असलेलं मूल पंधरा वर्षांनी त्या मैदानावर खेळणार असेल, तर त्याचा सगळा खर्च आजच्याच करदात्यांच्या माथी का मारायचा? हप्ते वीस वर्षांवर पसरले की जो वापरतो तो भरतो. कर्ज काढण्याच्या बाजूचा माझ्या मते हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे. आणि तो जमिनीला जितका चपखल लागू पडतो, तितका दुसऱ्या कशालाच नाही. मोकळी जमीन आज घेतली नाही तर पंधरा वर्षांनी तिथे इमारती असतात आणि मग साठवलेले पैसे कुठल्याच कामाचे राहत नाहीत.

आता कर्ज देतं कोण? शहर एकाच बँकेच्या दारात जात नाही. ते कर्जाचे छोटे तुकडे करतं. अमेरिकेत असा एक तुकडा सहसा ५ हजार डॉलरचा असतो. प्रत्येक तुकडा म्हणजे एक रोखा, बॉण्ड. त्यावर छापलेलं वचन साधं असतं: इतक्या वर्षांनी मुद्दल परत, तोवर ठरलेलं व्याज. हे रोखे विमा कंपन्या घेतात, म्युच्युअल फंड घेतात, आणि निवृत्तीची पुंजी सुरक्षित ठेवू पाहणारी साधी माणसंही घेतात. सगळे रोखे एकाच दिवशी फेडायचे नसतात. साधारणपणे दरवर्षी थोडे फिटतील अशी रचना केलेली असते, त्यामुळे शहराच्या अंदाजपत्रकावर एकदम ओझं येत नाही.

यात अमेरिकी शहरांना एक मोठी सवलत आहे. १९१३ साली तिथे संघराज्याचा आधुनिक आयकर आला, तेव्हापासून राज्यांच्या आणि शहरांच्या रोख्यांवरचं व्याज त्यातून बहुतांशी मोकळं आहे. समजा एखादा माणूस उत्पन्नावर ३० टक्के कर भरतो. त्याला साध्या रोख्यावर ५ टक्के व्याज मिळालं तर कर जाऊन हातात साडेतीन टक्केच पडतात. मग शहराने करमुक्त पावणेचार टक्के देऊ केले तरी तो खूश. शहराला कर्ज स्वस्त पडतं आणि फरकाचा बोजा केंद्र सरकार गुपचूप उचलतं.

पण सवलत आली की तिच्यामागून अटी येतातच. पैसे घेऊन शहराने बसून राहायचं नाही. रोखे विकतानाच, त्यातली किमान ८५ टक्के रक्कम तीन वर्षांत कामावर खर्च होईल अशी रास्त अपेक्षा असावी लागते. नाहीतर शहरं स्वस्तात कर्ज काढून तो पैसा जास्त व्याजावर गुंतवत बसतील. दुसरी अट म्हणजे या पैशातून बांधलेल्या जागेचा मोठा हिस्सा खासगी धंद्याला देता येत नाही, ढोबळ मर्यादा १० टक्क्यांची आहे. बागेतल्या उपाहारगृहाचा करार करताना नगरपालिकेचे वकील इतकी काथ्याकूट का करतात, ते यावरून कळेल.

फेडायचं कशातून, यावरून रोख्यांचे दोन मुख्य प्रकार होतात. गोल्फचं मैदान, बोटींचा धक्का, तिकीट असलेलं संकुल, या जागा स्वतः पैसे कमावतात. त्या कमाईतून फेडायचे ते महसुली रोखे. कमाई झाली नाही तर रोखे घेणाऱ्याचं नुकसान, म्हणून व्याज थोडं जास्त. पण हिरवळीला तिकीटखिडकी नसते आणि घसरगुंडीवर मीटर बसवता येत नाही. त्यामुळे बागांसाठी बहुधा दुसरा प्रकार वापरतात, सर्वसाधारण दायित्वाचे रोखे. त्यांच्यामागे शहराची सगळी पत आणि कर लावण्याची ताकद उभी असते. प्रत्यक्षात याचा अर्थ मालमत्ता कर. आणि कराचा प्रश्न आला म्हणूनच मतदारांना विचारणं आलं.

ही हमी पोलादी आहे असं मात्र समजू नये. डेट्रॉइट शहराने २०१३ साली दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा अशा प्रकारच्या सर्वांत भरवशाच्या रोख्यांवरही शेवटी डॉलरमागे ७४ सेंटच हाती पडले. असे प्रसंग विरळा असतात. पण पत मानांकन संस्था शहराची वही बारकाईने चाळतात ते अशाच प्रसंगांच्या धास्तीने, आणि मानांकन एक पायरी घसरलं तरी पुढच्या प्रत्येक कर्जाचं व्याज वाढतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ, आकडे सोपे ठेवून. शहराने १० कोटी डॉलरचे रोखे काढले, २० वर्षांसाठी, ४ टक्क्यांनी. समान हप्त्यांनी फेडायचं तर दरवर्षी साधारण ७३ लाख ६० हजार डॉलर लागतील. वीस वर्षांत एकूण १४ कोटी ७० लाखांच्या आसपास, म्हणजे व्याजच पावणेपाच कोटींच्या घरात. आता शहरातल्या करपात्र मालमत्तेची एकूण किंमत २ हजार कोटी डॉलर आहे असं धरा. मग ३ लाख डॉलर किमतीच्या घराच्या वाट्याला वर्षाला सुमारे ११० डॉलर येतात, महिन्याला नऊच्या आसपास. प्रचाराच्या पत्रकावर बहुतेकदा हा शेवटचा आकडा मोठ्या टायपात असतो. विरोधकांच्या पत्रकावर १४ कोटी ७० लाख. दोन्ही आकडे खरे आहेत.

व्याजाचा भार मुदतीबरोबर कसा फुगतो ते कॅलिफोर्नियात दिसतं. जून २०१८ मध्ये तिथल्या मतदारांनी 'प्रस्ताव ६८' मंजूर केला: बागा, निसर्गसंवर्धन आणि पाणी यांसाठी ४१० कोटी डॉलर. हे राज्याचं कर्ज होतं, शहराचं नव्हे, पण त्यातला बराच पैसा स्थानिक बागांसाठी होता. मतदारांना दिलेल्या अधिकृत माहितीतच लिहिलं होतं की फेडीला ४० वर्षं सरासरी २० कोटी डॉलर लागतील. गुणाकार करा, ८०० कोटी होतात. जवळपास दुप्पट. महागाईमुळे ४० वर्षांनंतरचा डॉलर आजच्या डॉलरपेक्षा हलका असेल, म्हणून खरा बोजा दिसतो तेवढा नाही, हे मान्य. तरी मला तिथली एक गोष्ट आवडते. हा हिशेब मतदाराला शोधावा लागत नाही, तो त्याच्या हातात दिलेला असतो.

किती मतं लागतात हे जागेप्रमाणे बदलतं, आणि त्याने चित्र पार पालटतं. कॅलिफोर्नियात राज्याच्या कर्जाला साधं बहुमत पुरतं, पण एखाद्या शहराला मालमत्ता करातून फेडायचं असेल तर दोन तृतीयांश हवेत. ही अट सैल करणारा प्रस्ताव २०२४ साली आला होता. मतदारांनी तो फेटाळला. टेक्सासमध्ये शहराच्या रोख्यांना साधं बहुमत चालतं. म्हणजे तीच बाग, तेवढीच पसंती, एका राज्यात होते आणि दुसऱ्यात कागदावर राहते.

मंजुरीचा अर्थही नीट पाहायला हवा. लोकांनी हो म्हटलं म्हणजे दुसऱ्या दिवशी कर्ज निघालं असं नसतं. शहराला तेवढ्यापर्यंत कर्ज काढायची परवानगी मिळते, रोखे मात्र कामं तयार होतील तसे टप्प्याटप्प्याने विकतात. यात वर्षं जातात, आणि तेवढ्यात मजुरी, सिमेंट, पोलाद महागतं. 'घर पाहावं बांधून' ही म्हण क्रीडासंकुलालाही लागू आहे. यादीत बारा मैदानं असतात आणि पैसे नवव्याला संपतात. उरलेल्या तीन वस्त्यांना मग पुढच्या मतदानाची वाट पाहावी लागते, आणि हप्ते तर त्यांनीही भरलेले असतात.

आणखी एक वाक्य कानावर येतं: 'तुमचा कर एका पैशानेही वाढणार नाही.' हे खोटं नसतं. जुने रोखे फिटत आलेले असतात, त्यांच्या जागी नवे येतात आणि कराचा दर तोच राहतो. फक्त नकार दिला असता तर तो दर खाली आला असता, एवढं सांगायचं राहून जातं.

मतपत्रिकेवरचा मजकूर कमालीचा सैल असतो, हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. टेक्सासमधल्या डॅलसचं उदाहरण सांगून पुढे जातो. १९९८ साली तिथल्या मतदारांनी ट्रिनिटी नदीच्या पट्ट्यासाठी २४ कोटी ६० लाख डॉलर जेमतेम बहुमताने मंजूर केले. त्यात नदीकाठची बाग होती, पूरसंरक्षण होतं आणि त्याच पट्ट्यातून जाणारा एक रस्ताही होता, ८ कोटी ४० लाखांचा. पुढे तो रस्ता म्हणजे वेगवान टोलरस्ता ठरला. आपण बागेला मत दिलं की महामार्गाला, यावर शहर वर्षानुवर्षं भांडलं. २००७ मध्ये रस्ता रोखण्यासाठी पुन्हा मतदान झालं, ते रस्त्याच्या बाजूने गेलं. अखेर २०१७ मध्ये नगरपरिषदेनेच तो रद्द केला. मूळ मतदानाला तोवर एकोणीस वर्षं झाली होती.

आता पुन्हा सिअ‍ॅटलला.

१९६८च्या पैशातून जे उभं राहिलं ते देखणं होतं. फ्रीवे पार्क घ्या. शहराच्या मधून गेलेल्या महामार्गाच्या डोक्यावर बांधलेली ही बाग ४ जुलै १९७६ला खुली झाली. खालून गाड्या धावतात, वर झाडं आणि काँक्रीटमधून कोसळणारं पाणी. शहराचं मत्स्यालय त्याच पैशातलं. जिल्हाभर पोहण्याचे तलाव झाले, त्यातले कित्येक शाळांच्या शेजारी. मुलं पोहायला शिकली. बांधकामापुरतं पाहिलं तर योजना यशस्वी.

स्टेडियमची कथा वेगळी. किंगडोम नावाचं ते घुमटाचं स्टेडियम १९७६ मध्ये उघडलं. १९९४ मध्ये छताच्या आतल्या फरशा खाली पडल्या आणि दुरुस्तीसाठी नवं मोठं कर्ज काढावं लागलं. तिथे खेळणाऱ्या संघांना तोवर नवी स्टेडियमं हवी होती. २६ मार्च २००० रोजी स्फोटकं लावून किंगडोम जमीनदोस्त केला. दुरुस्तीचं कर्ज मात्र उभंच होतं. ते फिटलं २०१५ मध्ये. इमारत नाहीशी झाल्यावर पंधरा वर्षं तिचे हप्ते चालू होते.

रोख्यांच्या धंद्यातला जुना नियम इथे मोडला: वस्तूच्या आयुष्यापेक्षा कर्जाचं आयुष्य मोठं असू नये. जमिनीसाठी तीस वर्षं ठीक. इमारतीसाठी वीस ठीक. पण खेळाच्या मैदानावरची कृत्रिम हिरवळ दहा वर्षांच्या आसपास झिजते. तिच्यासाठी वीस वर्षांचं कर्ज काढलं तर दुसऱ्या दहा वर्षांत तुम्ही फाटक्या गालिच्याचे हप्ते भरता, आणि नव्या गालिच्याचेही. यादीत जमीन किती आणि झिजणाऱ्या वस्तू किती, हे मी असतो तर सगळ्यात आधी पाहिलं असतं.

आणि तलाव? तलावांचं दुखणं जास्त शिकवणारं आहे, कारण तिथे काहीच कोसळलं नाही. बांधकामाचे पैसे रोख्यांतून आले होते. पाणी गरम ठेवणं, क्लोरीन, जीवरक्षकांचे पगार, पंपांची डागडुजी, हे सगळं जिल्ह्याच्या रोजच्या तिजोरीतून जायचं. त्या तिजोरीतून पोलीस, न्यायालयं, तुरुंगही चालतात. २००२ मध्ये जिल्ह्याला पैशांची मोठी तूट आली, तेव्हा कात्री लागली ती बागांना आणि तलावांना. तुरुंग बंद करता येत नाही, तलाव येतो. जिल्ह्याने आसपासच्या छोट्या शहरांना सांगितलं, तुमच्या हद्दीतले तलाव तुम्ही घ्या, नाहीतर आम्हाला कुलूप लावावं लागेल. बऱ्याच शहरांनी ते घेतले आणि पाठोपाठ खर्चही घेतला. टक्विला या गावाने तर २०११ मध्ये मतदान घेऊन एक वेगळा 'कर जिल्हा'च, म्हणजे एका कामापुरता कर लावणारी स्वतंत्र संस्थाच, स्थापन केला, फक्त आपला तलाव चालू ठेवण्यासाठी.

बांधायला पैसे देणारे पुष्कळ भेटतात. उद्घाटनाला फीत असते, फोटो असतो, कोनशिला असते. पंपाचा वॉशर बदलल्याची कोनशिला कुणी लावत नाही. रोख्यांचा पैसा वॉशरवर खर्चही करता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

योग्य का, ते न्यूयॉर्कने करून दाखवलं. १९६०च्या दशकापासून त्या शहराने रोजचे खर्च भांडवली खर्चाच्या नावाखाली दाखवून त्यांच्यासाठी कर्ज काढायला सुरुवात केली. म्हणजे आजचा किराणा तीस वर्षांच्या हप्त्यावर. १९७५ मध्ये बाजाराने शहराचे रोखे घ्यायचं थांबवलं आणि शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं. त्या दशकात सेंट्रल पार्कची रया गेली. उघडी पडलेली हिरवळ, मोडकी बाकं, भिंतींवरची रंगरंगोटी. ही बाग शहराने १८५०च्या दशकात घेतली, तेव्हा जमिनीवरच साधारण ५० लाख डॉलर लागले होते. सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती त्यापायी उठवली गेली. इतकी किंमत मोजून केलेली बाग निगा न राखल्यामुळे काही वर्षांत उजाड झाली. १९८० मध्ये नागरिकांची सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी स्थापन झाली आणि देणग्यांच्या बळावर तिने बाग पुन्हा उभी केली. श्रीमंत इमारतींनी वेढलेल्या बागेला हे जमतं. गरीब वस्तीतल्या मैदानाला अशा देणग्या कुठून येणार?

सिअ‍ॅटल आणि आसपासच्या लोकांनी यातून काढलेला मार्ग रुक्ष आहे, पण मला पटतो. किंग काउंटीने २००३ मध्ये बागा चालवण्यासाठी चार वर्षांपुरता वेगळा कर मतदारांकडून मंजूर करून घेतला. तेव्हापासून तो दर काही वर्षांनी पुन्हा मतदारांपुढे येतो. सिअ‍ॅटल शहराने २०१४ मध्ये मतदानानेच एक बाग जिल्हा स्थापन केला. त्याचा कर फक्त बागांसाठी आणि कायमचा, त्यात देखभालही आली.

टेक्सासमधल्या ह्यूस्टनने बांधणं आणि सांभाळणं जवळजवळ एकाच श्वासात ठरवलं. तिथे शहरभर ओढे आहेत, त्यांना बायू म्हणतात, आणि त्यांच्या काठची जमीन पुराच्या भीतीने रिकामी राहिली होती. तिथे सलग दीडशे मैलांच्या पायवाटा आणि हिरवे पट्टे करायचं ठरलं. नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी बागांसाठी १६ कोटी ६० लाख डॉलरचे रोखे मंजूर केले, त्यातले १० कोटी या ओढ्यांसाठी. ह्यूस्टन पार्क्स बोर्ड या संस्थेने देणग्यांतून आणखी १२ कोटी उभे करायचं कबूल केलं. एकूण २२ कोटी. आणि २०१३ मध्ये, बहुतेक पट्टे अजून व्हायचे असताना, नगरपरिषदेने देखभालीचा करार करून टाकला: गवत कापायला, कचरा उचलायला, पूर ओसरल्यावर गाळ काढायला दरवर्षी कमाल १ कोटी डॉलर.

२२ कोटींना १ कोटीने भागून पाहा. पूर्ण रक्कम लागत गेली तर बावीस वर्षांत गवत कापण्याचा खर्च बांधकामाच्या खर्चाला गाठतो, आणि तेविसाव्या वर्षीही गवत वाढतच असतं.